बटणावरचा हात

इंग्लंडात नॉर्विच शहरातून वेन्सम नावाची नदी जाते. आमच्या रत्नागिरीच्या काजळी नदीपुढे ती पऱ्याच म्हणायची, पण या पऱ्याने एकेकाळी एक अख्खी इमारत तापवली होती. साल १९४५. युद्ध संपलेलं, कोळशाची मारामार. ड्यूक स्ट्रीटवर नगरपालिकेच्या वीजखात्याची इमारत, आणि शहराचे विद्युत अभियंता होते जॉन समनर. नवं यंत्र मिळायची सोय नव्हती. समनरांनी एक जुना, वापरलेला कॉम्प्रेसर पैदा केला, बाकीचं हाताशी होतं त्यातून जुळवलं, आत सल्फर डायऑक्साइड भरला आणि नदीच्या थंडगार पाण्यातली उष्णता उचलून रेडिएटरांत सोडली. रेडिएटरचं पाणी साधारण पन्नास अंशांपर्यंत तापायचं. विजेच्या एका युनिटमागे सरासरी ३.४५ युनिट उष्णता पदरात पडली. ब्रिटनमधला हा पहिला मोठा हीट पंप.

मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फ कारखान्यात मी आधी ऑपरेटर आणि मग सुपरवायझर म्हणून नोकरी केली. आम्ही अमोनियावाले, सल्फर डायऑक्साइड आमच्या आधीच्या पिढीने नाकात घेतला. आता हिवाळ्यात मुलीकडे नॉर्विचला असतो. तिच्या घराच्या मागच्या अंगणातही हीट पंप आहे, हवेतून उष्णता घेणारा. शेजारीपाजारी त्याच्याकडे नवलाईने बघतात. मला त्यात नवल वाटत नाही. हा आमचाच बर्फ कारखाना, फक्त गिऱ्हाईक दुसऱ्या टोकाला उभं. आम्ही पाण्यातली उष्णता काढून लादी विकायचो आणि ती उष्णता कंडेन्सरवरून वाऱ्यावर सोडून द्यायचो. समनरांनी नदी गार केली आणि कंडेन्सरची उष्णता कामाला लावली.

आमच्या कारखान्यात नवा पोरगा आला, की त्याला व्हॉल्व्हला हात लावू द्यायचा नाही, हा मोठ्या मिस्त्रींचा दंडक होता. त्याने तासातासाला लॉगबुक भरायचं: सक्शन किती, डिस्चार्ज किती, तेलाचा दाब किती, ब्राइनचं, म्हणजे खाऱ्या पाण्याचं, तापमान किती. ब्राइनची टाकी उणे आठ-दहा अंशांवर, त्यात पाण्याचे कॅन सोडलेले, आणि लादी गोठायला दिवस-दीड दिवस तरी जायचाच. बोटी लागल्या, की एजंट दारात येऊन ओरडणार, ‘‘जरा जोर लावा की मशीनला!’’ नवा पोरगा असेल तर द्रव अमोनिया सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह दोन फेरे उघडून मोकळा व्हायचा. पाच-दहा मिनिटांत सक्शन लाइनवरचं दव गोठून पांढरं होत होत कॉम्प्रेसरच्या डोक्यापर्यंत चढायचं, तेल फेसाळायचं, आणि आतून ठोके ऐकू यायला लागायचे. वायूऐवजी द्रव कॉम्प्रेसरात शिरला, की व्हॉल्व्ह प्लेट तुटलीच म्हणून समजा. मिस्त्री धावत यायचे, व्हॉल्व्ह आवळायचे. मग पाव फेरा उघडायचे आणि स्टुलावर बसून बिडी ओढायचे. आज फिरवलेल्या व्हॉल्व्हचा हिशोब उद्याच्या लादीत कळतो, असं त्यांचं म्हणणं.

हीट पंपाचा इतिहास मी वाचायला लागलो तो या डोळ्यांनी. शोध कुणी लावला, कार्यक्षमता किती, हे पुस्तकांत सापडतं. मला हवं होतं ते वेगळं: यंत्र कमी-जास्त कोण करत होतं, किती वेळा, आणि त्याचं पुढे काय झालं?

आधी आगीचं बघू, कारण सारखं कमी-जास्त करण्याची सवय तिथून आली. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावात शिक्षकांची एक शाळा होती. १८८० च्या आसपास तिथे वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक शिकवत. तळघरात भट्टी, आणि तिची गरम हवा वर्गावर्गात सोडणारी झाकणं. शाळेचा शिपाई प्रत्येक वर्गात येऊन तापमान बघणार, मग तळघरात उतरून त्या वर्गाचं झाकण उघडणार किंवा बंद करणार, आणि पुन्हा वर. शिकवण्यात सारखा व्यत्यय. वैतागून जॉन्सन यांनी तापमानाचा विजेवर चालणारा खबऱ्या बनवला. वर्गात गारठा वाढला, की खाली घंटा वाजायची आणि शिपायाला तिथूनच कळायचं. १८८३ मध्ये त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. दोनच वर्षांनी मिनियापोलिसला अल्बर्ट बुट्झ यांनी शिपायाचा हातही काढून टाकला: खोली गार झाली, की मोटर आपोआप भट्टीचं झाकण उचलायची, आणि आग भडकायची. तापमान स्वतः राखणाऱ्या भट्टीची कल्पना त्याहून कितीतरी जुनी. सतराव्या शतकात कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसाने लंडनमध्ये अंडी उबवण्याच्या पेटीसाठी ती करून दाखवली होती. पण घरोघर ती पोचली बुट्झ यांच्यानंतर.

या साऱ्या करामती आगीसाठी होत्या, आणि आगीचा एक गुण असा, की ती तुमच्या अधीरपणाचा दंड फारसा वसूल करत नाही. दुप्पट कोळसा टाका, जवळपास दुप्पट ऊब घ्या. खोली गार वाटली, जाळ वाढवला. घाम आला, कमी केला. शेकडो वर्षं युरोपातल्या घरांचा हात असाच शिकला.

हीट पंपाचं गणित निराळं. केल्विन म्हणून पुढे प्रसिद्ध झालेले विल्यम थॉमसन यांनी १८५२ मध्ये ते ग्लासगोत मांडलं. त्याच्या आगेमागेच स्कॉटलंडचे राजखगोलशास्त्रज्ञ पियाझी स्मिथ उष्ण मुलखातली घरं दाबलेल्या हवेने गार करण्याचा विचार मांडत होते, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर हिंदुस्थानातले गोरे साहेब होते. थॉमसन यांनी तीच गोष्ट उलटी करून दाखवली: गार करता येतं, तर तापवताही येईल, आणि सरळ कोळसा जाळण्यापेक्षा स्वस्तात. उष्णता जितकी उंच उचलायची तितकं काम जास्त, हे त्या गणिताचं सार. बाहेर ५ अंश असताना पाणी ३५ अंशांपर्यंत तापवायचं असेल, तर आदर्श यंत्र विजेच्या एका युनिटमागे दहा युनिट उष्णता देईल. तेच पाणी ५५ अंशांचं हवं म्हटलं, की साडेसहाच. प्रत्यक्षातलं यंत्र याच्या निम्म्याच्या आतबाहेर भरतं, पण उतार तोच. म्हणजे इथे ‘जरा जोर लावा’ म्हटलं, की जास्तीची ऊब तर महाग पडतेच, आधी स्वस्तात मिळत होती तीही महाग होते.

थॉमसन यांचं यंत्र कागदावर राहिलं. पहिली यंत्रं उभी राहिली ती मिठागरांत, आणि त्यात मला आपलेपणा वाटतो, कारण मीठ आणि बर्फ दोन्ही सबुरीचे धंदे. ऑस्ट्रियात एबेनसे इथे पीटर फॉन रिटिंगर या खाण अभियंत्याने १८५० च्या दशकाच्या मध्यात खारं पाणी उकळून निघालेली वाफ पाणचक्कीच्या जोरावर दाबली, दाबून आणखी तापवली, आणि तिच्यावरच पुन्हा खारं पाणी उकळवलं. मिठाचे थर धरायला लागले आणि प्रयोग रखडला. पुढे १८७७ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये बे गावच्या मिठागरात पिकार आणि वाइबेल यांनी ते जमवून दाखवलं. मिठाची कढई दिवसरात्र एकाच तापमानाला उकळत ठेवायची असते. तिथे कुणाला सारखा उकाडा किंवा गारठा वाटत नाही, त्यामुळे कुणी सारखं बटणही फिरवत नाही. हीट पंपाला याहून सुखाची नोकरी नंतर क्वचितच मिळाली असेल.

माणसांच्या घरात तो आणला स्कॉटलंडमधल्या ग्रेम हॉल्डेन यांनी, १९२० च्या दशकाच्या शेवटी. हे आपल्याकडे भुवनेश्वरला येऊन राहिलेल्या शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांचे चुलतभाऊ. त्यांनी घरी प्रयोग केला आणि १९३० मध्ये विद्युत अभियंत्यांपुढे निबंध वाचला. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. कोळसा स्वस्त होता.

कोळसा नसलेल्या देशाने मात्र मनावर घेतलं. झुरिचचं राटहाउस, म्हणजे नगरसभागृह, सतराव्या शतकाच्या शेवटी बांधलेलं, लिमात नदीच्या पात्रातच उभं आहे; खालून पाणी वाहतं. तिथे १९३८ मध्ये एशर व्हिस कंपनीचा हीट पंप बसला. उष्णता लिमातची, वीज स्विस जलविद्युतची, आत आर-१२ हा वायू. साठ अंशांचं पाणी, शंभर किलोवॉट. उन्हाळ्यात हेच यंत्र उलट चालवून सभागृह गारही करता येई.

मला यात सगळ्यात आवडते ती त्यांनी केलेली साठवणीची सोय. पंपासोबत गरम पाण्याची टाकी होती, आणि कडाक्याच्या थंडीसाठी विजेची वेगळी तापनकांडी. आमच्या कारखान्यातल्या ब्राइनच्या टाकीचं काम ती पाण्याची टाकी करत होती. सभा सुरू झाली, माणसं आली, दारं उघडली, ऊब कमी-जास्त लागली, तर तो धक्का टाकीने सोसायचा. कॉम्प्रेसरला त्याची झळ लागू द्यायची नाही. चार दिवसांच्या कडाक्यासाठी मोठं यंत्र बसवून वर्षभर ते तडफडत चालवायचं, यापेक्षा बेताचं यंत्र घ्यावं आणि त्या चार दिवसांपुरता दुसरा आधार ठेवावा. हे १९३८ साली ज्यांना सुचलं त्यांना माझा दंडवत. आज घरगुती पंप विकणाऱ्या किती जणांना ते सुचतं, कोण जाणे. झुरिचचा तो पंप २००१ पर्यंत चालला. त्रेसष्ट वर्षं! युद्धाच्या काळात परदेशी कोळसा आटला तेव्हा झुरिचमध्येच पोहण्याचा तलाव आणि सरकारी कचेऱ्या हीट पंपांवर गेल्या.

याच्या अगदी उलटं उदाहरण लंडनचं. १९५१ मध्ये थेम्सकाठी रॉयल फेस्टिव्हल हॉल उघडला. त्याच्यासाठीही नदीवरचा हीट पंप, आणि कॉम्प्रेसर फिरवायला कोण, तर रोल्स-रॉइसची मर्लिन इंजिनं! स्पिटफायर विमानांत होती तीच, गॅसवर चालतील अशी बदललेली. ऐकायला मोठं झोकदार. पण सभागृहात तीन हजारांच्या आसपास माणसं बसणार, आणि स्वस्थ बसलेला माणूस शंभर वॉटच्या बल्बइतकी उष्णता टाकतो. म्हणजे मैफल रंगली, की श्रोतेच तीनशे किलोवॉट पुरवणार. यंत्र गरजेपेक्षा कितीतरी मोठं निघालं. तांत्रिकदृष्ट्या ते चाललं, पैशाच्या हिशोबात बसलं नाही, आणि काढून टाकावं लागलं. गरजेहून मोठ्या यंत्राला हळू चालता येत नसेल, तर सारखं चालू-बंद करण्यावाचून गत्यंतर नसतं.

तो काळ तसाच होता. कॉम्प्रेसरला एकच वेग ठाऊक: एक तर पूर्ण, नाही तर शून्य. आणि त्याच्या मानेवर बसवला आगीचा जुना पहारेकरी, थर्मोस्टॅट. १९५३ मध्ये अमेरिकेत हनिवेल कंपनीचा तो प्रसिद्ध गोल थर्मोस्टॅट आला, हेन्री ड्रेफस यांच्या हातचा. भिंतीवरची वाटोळी चकती, बोटांनी फिरवायची. त्याच्या पोटात एक गंमत होती. दोन धातूंच्या पट्टीजवळ एक चिमुकली गरम तार. भट्टी पेटली, की तीही तापायची आणि पट्टीला फसवायची, म्हणजे खोली पुरती तापण्याआधीच भट्टी बंद. कारण भट्टी बंद झाल्यावरही तिच्यातली ऊब येत राहते. उशिरा येणाऱ्या परिणामाचा अंदाज आधीच बांधायचा, ही गोष्ट त्या तारेला समजत होती. चकती फिरवणाऱ्या बोटांना समजत नव्हती. थंडी वाजली, की माणूस चकती वीसऐवजी अठ्ठावीसवर नेतो. त्याला वाटतं, खोली लवकर तापेल. थर्मोस्टॅट हे आकडा आल्यावर बंद करणारं बटण आहे. त्याने वेग वाढत नाही.

१९७३ चं तेलसंकट आलं आणि जग पुन्हा हीट पंपांकडे वळलं. समनरांनी मधल्या काळात स्वतःच्या घरीही जमिनीतून उष्णता घेणारा पंप बसवून पाहिला होता. १९७६ मध्ये त्यांचं घरगुती हीट पंपांवरचं पुस्तक आलं. तरी चालू-बंदची रड कायम होती. ती सुटली जपानात. तोशिबाने १९८० मध्ये मोठ्या जागांसाठी आणि १९८१ मध्ये घरांसाठी इन्व्हर्टरवाला वातानुकूलक बाजारात आणला. विजेची वारंवारिता बदलून मोटरचा वेग हवा तसा कमी-जास्त करायचा. मी हे पहिल्यांदा एका मेकॅनिककडून ऐकलं तेव्हा विश्वास बसला नव्हता, कारण आमच्या मशीनवर सिलिंडर अनलोड करून निम्म्या भारावर आणणं हीच चैन. कॉम्प्रेसर आता दिवसभर हळू हळू गुणगुणत राहू शकत होता. त्याच्या जोडीला युरोपात बाहेरच्या हवेवरून पाण्याचं तापमान ठरवण्याची रीत रुळली होती: बाहेर गारठा वाढला, तर पाणी थोडं जास्त गरम, ऊन पडलं, तर कमी. पाव फेरा, आणि तोही आपोआप. मोठ्या मिस्त्रींच्या हातात जे होतं ते यंत्रात उतरलं.

आणि नेमकं तेव्हाच माणसाच्या हातात फोन आला.

नॉर्विचला माझे जावई संगणकातले. हुशार माणूस, पण फोन आणि हीट पंप एकत्र आले, की स्वस्थ बसवत नाही. जानेवारीतली एक सकाळ सांगतो. बाहेर २ अंश, धुकं, हवा ओली. नॉर्विचचा गारठा म्हणजे महाबळेश्वरचं धुकं फ्रीजमध्ये ठेवल्यासारखा. जावयांना घर गार वाटलं. त्यांनी पाण्याचं तापमान ४० वरून ५२ केलं. अंगणातला पंखा घोंघावायला लागला. मी खिडकीतून बघत होतो: मागच्या कॉइलच्या पात्यांवर आधी खालच्या कोपऱ्यात पांढरी रेघ, मग ती वर चढली, आणि थोड्याच वेळात पाती दिसेनाशी झाली. कॉइल जितकी जास्त ओढली तितकी ती गार, आणि ओल्या हवेतलं पाणी तितक्या लवकर तिच्यावर गोठणार. कोरड्या कडक थंडीत इतका बर्फ धरत नाही. दोन अंशांचं धुकंच वाईट. पंखा थांबला, आत एक व्हॉल्व्ह खटकन फिरला, आणि पंप उलटा चालून घरातल्या पाण्याची ऊब कॉइलवर ओतायला लागला. वाफेचा लोट उठला, खाली ठिबक ठिबक पाणी. इकडे रेडिएटर कोमट.

‘‘बघा बाबा, बंदच पडला,’’ जावई म्हणाले आणि तापमान ५५ केलं.

‘‘अहो, तो वितळवतोय. दुपारपर्यंत हात लावू नका,’’ मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि तासाभराने घर उकडायला लागल्यावर ३५ केलं. मग पंप बंद पडला, कारण रेडिएटरमध्ये ५५ चं पाणी शिल्लक होतं. मुलगी म्हणाली, ‘‘तुम्ही दोघं खेळणं घेऊन बसलाय.’’

ही एका घराची गोष्ट नाही. ब्रिटनमध्ये २०१० साली एनर्जी सेव्हिंग ट्रस्टने ८३ ठिकाणच्या हीट पंपांची पाहणी प्रसिद्ध केली. निकाल घरागणिक फार वेगवेगळे आले. बसवण्यातल्या चुका होत्याच, पण नियंत्रणं समजत नाहीत अशी अनेक रहिवाशांची तक्रारही त्यात होती. आता सरकार २०२३ च्या ऑक्टोबरपासून पंपामागे ७,५०० पौंडांपर्यंत अनुदान देतं. यंत्र घरात येतं, आगीवर शिकलेला हात तोच राहतो.

जावयांची बाजूही मांडली पाहिजे. तिकडे आता अर्ध्या अर्ध्या तासाला विजेचा दर बदलणारी बिलं मिळतात. रात्री आणि दुपारी वीज स्वस्त, संध्याकाळी महाग. स्वस्त वेळात घर थोडं जास्त तापवून ठेवायचं आणि महाग वेळात पंप मंद करायचा, यात चूक नाही. जाड भिंतींच्या, जमिनीखाली नळ्या टाकलेल्या घरात ते छान जमतं. फरशी स्वतःच टाकी होते. झुरिचच्या लोकांनीही हेच केलं होतं. फक्त ते दिवसाचा विचार करून करायचं असतं, दर वीस मिनिटांनी अंगाला काय वाटलं यावरून नाही. आणि पाण्याचं तापमान एक अंशाने चढवलं, की खर्च ढोबळमानाने दोन-अडीच टक्क्यांनी वाढतो, हे लक्षात ठेवून. चाळिसाचं पंचावन्न केलं तर किती, हिशोब तुम्हीच करा.

इंग्लंड, जर्मनी, स्वीडनमध्ये आपली बरीच मुलं आता अशा घरांत राहतात, आणि हिवाळ्यात आपण आई-वडील तिथे जातो. अशा घरांतल्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. पाण्याचं तापमान, ज्याला तिकडे फ्लो टेंपरेचर म्हणतात, एका सुट्टीच्या दिवशी दोन अंशांनी खाली आणा आणि पुढचा पूर्ण दिवस जाऊ द्या. घर गार पडलं नाही, तर आणखी दोन अंश. गार वाटलं, तर एक पायरी वर येऊन थांबा. रेडिएटरचे नळ सगळे पूर्ण उघडे ठेवा. रोज सकाळी बाहेरचं, घरातलं आणि पाण्याचं तापमान वहीत लिहा, आणि एकदा आकडा ठरला, की वहीत एक आठवडा भरल्याशिवाय बटणाला हात लावू नका.